हातगाडीला रकाना नाही

(सदाशिव पेठेतील युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



या सभागृहामागच्या गल्ल्यांतून माझे अब्बा वीस वर्षं भंगाराची हातगाडी घेऊन फिरले. सदाशिव पेठेतले वाडे पडले, इमारती आल्या, अभ्यासिका आल्या, तसं गाडीतलं भंगारही बदललं. आधी पितळ, डबे, रद्दी. मग चार्जर, कीबोर्ड, जळके मदरबोर्ड. घरामागे आम्ही वायरी जाळून तांबं काढायचो. अम्मी खोकायची, आणि आम्हाला वाटायचं, हवा बदललीय.

तेव्हा कायदा नव्हता, असं नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये नवे आले. सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. तत्त्व योग्यच आहे: ज्यानं वस्तू बाजारात आणली, तिच्या शेवटाची जबाबदारीही त्याची. उत्पादकावर आधी ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्क्यांचं पुनर्चक्रीकरणाचं लक्ष्य आहे.

पण कंपनी काही तुमच्या दारात येत नाही. ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखान्याकडून प्रमाणपत्रं विकत घेते. कारखान्यानं सोनं, तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम किती काढलं, त्यावर ती मिळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी चौघांचीच: निर्माता, उत्पादक, दुरुस्तीनं वस्तू पुन्हा विकणारा आणि पुनर्चक्रीकरण करणारा. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्राला, सुट्टे भाग करणाऱ्याला निदान जागा होती. आता तीही नाही. जिना चढून माल खाली आणणाऱ्याला तर कधीच नव्हती. २०२४ मध्ये घरगुती वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये दर ठरला, त्याविरुद्ध मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्या बावीसातले हातगाडीपर्यंत किती यावेत, हे नियमांत कुठेच नाही.

एक कलम मात्र आपल्या कामाचं आहे. राज्याच्या कामगार विभागानं या कामगारांची नोंदणी करावी, त्यांचे गट उभे करायला मदत करावी, प्रशिक्षण द्यावं, असं त्यात लिहिलंय. उद्योग विभागानं शेडसाठी जागा द्यायची आहे. मागितल्याशिवाय यातलं काही मिळेल, असं मला वाटत नाही. याच पुण्यात कचरावेचक बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. त्यांनाही कुणी बोलावून दिलं नव्हतं.

अर्जाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर आहे. ज्यांच्या घरी भंगाराचा धंदा आहे, त्यांनी लाजू नका, नाव लिहा. सोमवारी आम्ही कामगार कार्यालयात जातोय. अब्बाही येणार आहेत.