शाळेची दुर्बीण : चाळीस हजारांत काय घ्यावे?

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २८ डिसेंबर २०२५ रोजी सायंकाळी केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि मागे भरताची वांगी भाजल्याचा वास सुटला आहे. तेव्हा प्रस्तावना नको.

आपल्या तुकडीकडून शाळेला दुर्बीण द्यायची, असे दिवाळीत ठरले. चाळीस हजार रुपये जमले. मग आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झाले ते तुम्ही सर्वांनी वाचले आहे. एकाने सात हजारांत ५२५ पट मोठे दाखवणारी दुर्बीण शोधून काढली. परदेशातल्या मित्राने मोबाइलवरून आपोआप फिरणारी सुचवली आणि वरचे पैसे मी घालतो म्हणाला. तिसऱ्याचे म्हणणे, द्यायचीच तर आठ इंची द्या, तालुक्यात नाव होईल. मी धुळ्याला वीज कंपनीत नोकरी करता करता गेली वीस वर्षे साक्री-शिरपूरकडच्या शाळांत माझी सहा इंची दुर्बीण घेऊन फिरतो, म्हणून निवाडा करायचे काम माझ्याकडे आले.

आधी ती ५२५ पट. दुर्बिणीला स्वतःची अशी ठरलेली पट नसते. मुख्य भिंगाचे किंवा आरशाचे नाभीय अंतर भागिले डोळा लावायच्या भिंगाचे, म्हणजे नेत्रिकेचे, नाभीय अंतर, एवढाच हिशेब. नळी ७०० मिलिमीटरची आणि नेत्रिका ४ मिलिमीटरची, झाली १७५ पट. मध्ये तिप्पट करणारे आणखी एक भिंग खोचले की ५२५. हिशेब बरोबर आहे, पण दिसत काही नाही. आमरसात पाणी घालत गेले तर वाट्या वाढतात, आंबा वाढत नाही. उजेड जेवढा आत आला तेवढाच, तो पसरवला की चित्र काळपट आणि धूसर होते. व्यासाच्या मिलिमीटरला दोन पट ही वरची हद्द धरावी. त्या दुर्बिणीचे भिंग ७० मिलिमीटरचे, म्हणजे १४० पटीपुढचे आकडे फक्त खोक्यासाठी.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न पटीचा नाही, व्यासाचा. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचे भिंग तिच्या शंभरपट उजेड गोळा करते, १३० मिलिमीटरचा आरसा जवळजवळ साडेतीनशे पट. (आपल्या वयाला बाहुली तेवढीही उघडत नाही. मुलांची उघडते.)

मग आठ इंची का नको? व्यासाच्या हिशेबाने तीच सर्वांत चांगली. आकाश दाखवायला गेलो त्यांतल्या बऱ्याच शाळांत दुर्बीण आधीपासूनच होती, पण कपाटात. एका ठिकाणी तर आठ इंचीच होती, देणगीदाराच्या नावाच्या पितळी पाटीसकट. बाहेर काढायला दोन माणसे लागत. ती दोन माणसे, म्हणजे शिपाई आणि विज्ञानाचे सर, साडेपाचला घरी जात. आरशावर पाल मरून पडलेली होती.

मुख्य अडचण ही आहे. शाळा दिवसाची आणि आकाश रात्रीचे. वर्षातून दोनदा रात्रीचा कार्यक्रम ठेवता येतो, ठेवावाही. पण त्याला येते कोण? एका गावात मी मोजले होते. सत्तरेक मुलगे आणि चार मुली, त्याही बाईंसोबत आलेल्या. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलींनी मुलांच्या वह्यांतून शनीची कडी उतरवून घेतली. आपल्या वेळी वर्गातल्या मुली दिवेलागणीनंतर शाळेत थांबू शकत होत्या का? समोर बसल्या आहात, तुम्हीच सांगा. तेव्हा माझी पहिली अट अशी, की दुर्बीण सातवी-आठवीतल्या मुलीला एकटीने उचलता आली पाहिजे आणि शनिवारी घरी नेता आली पाहिजे. या अटीवर आठ इंची बाद होते.

आता स्टँड. स्वस्त दुर्बिणीत पैसे वाचवतात ते इथे. काडीसारखी तिपाई असली की गुरू समोर येतो, थरथरतो आणि निघून जातो. रांगेतले पोर म्हणते, “माले बी दखू दे ना भो!” आणि त्याची पाळी येईपर्यंत गुरू बाहेर गेलेला असतो. काही स्टँड ध्रुवाकडे रोखून लावायचे असतात, वजनकाटा आणि दांडे असलेले. दिसायला फार शास्त्रीय. आपण २१ अंश अक्षांशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा २१ अंश वर. गावात तो निंबाच्या झाडामागे नाहीतर शेजारच्या गच्चीमागे असतो. नवख्याचा अर्धा तास त्यातच जातो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणाऱ्या जॉन डॉब्सन यांनी १९६० च्या दशकात यावर साधा उपाय रूढ केला. लाकडी खोके, त्यात नळी, हाताने ढकलायची, सोडली तिथे थांबते. बस. त्याच धर्तीची १३० मिलिमीटर आरशाची छोटी दुर्बीण मिळते. वजन सहा-सात किलो. तिला तिपाई नसते, स्टुलावर ठेवायची. प्रयोगशाळेतली आपल्या वेळची सागवानी स्टुले अजून आहेत, मी सकाळीच हलवून पाहिली. नळी ६५० मिलिमीटरची, तेव्हा २५ च्या नेत्रिकेने २६ पट आणि १० च्या नेत्रिकेने ६५ पट. एवढ्यात चंद्रावरची विवरे, गुरूचे चार चंद्र आणि पट्टे, शनीची कडी, मृगातला तेजोमेघ सगळे येते. तेजोमेघ राखाडी दिसतो, फोटोसारखा गुलाबी नाही, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर हिरमोड होतो.

मोबाइलवर चालणाऱ्या दुर्बिणीबद्दल परदेशातल्या मित्राचा राग ओढवून घेतो. यंत्र चांगले असते. पण बॅटरी गेली, ॲप बदलले की शाळेत दुरुस्त कोण करणार? शिवाय आकाश यंत्राला कळते, मुलाला कळत नाही. आपल्या चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची त्यात नोंद आहे. त्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवर एक अध्याय आहे. सगळी यंत्रे सांगून झाल्यावर भास्कराचार्य मान देतात तो धीयंत्राला, म्हणजे हातात एक काठी आणि डोक्यात गणित. दुर्बीण यायला तेव्हा साडेचारशे वर्षे अवकाश होता. मी काठी घ्या म्हणत नाही. पण कृत्तिका कुठे, अगस्त्य कुठे हे न कळता बटण दाबून दिसलेला ठिपका मुलाच्या लक्षात राहत नाही, हे मी वीस वर्षे पाहतो आहे.

म्हणून उरलेल्या पैशांत १० × ५० च्या दोन द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्याव्यात. कृत्तिका तर दुर्बिणीपेक्षा यातच छान दिसतात, कारण अख्खा पुंजका एका नजरेत मावतो. मे महिन्यात दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे क्षितिजावर वीस-एकवीस अंश चढतो. लंडनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही, आपल्याला शेताच्या बांधावरून दिसतो. येत्या ३ मार्चला चंद्र उगवेल तो ग्रहण सुटता सुटताच, त्यालाही द्विनेत्री पुरे. आजच्या भावाने दुर्बीण पंचवीस-सव्वीस हजार आणि द्विनेत्री प्रत्येकी सहा-सात हजार. चाळीस हजारांत बसते.

नातवंडांसाठी घरी घ्यायचे म्हणून काही जण मला बाजूला घेऊन विचारत आहेत. त्यांनी आधी द्विनेत्रीच घ्यावी. मोठी घ्यायची असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचे खगोल मंडळ आहे. त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन चार दुर्बिणींना डोळा लावून पाहा, मग पाकीट उघडा.

वापराच्या दोन-तीन गोष्टी शाळेला लिहून द्याव्या लागतील. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखायची नाही. नेत्रिकेत बसवायचा काळा सूर्यफिल्टर सोबत आला तर तो त्याच दिवशी फोडून टाकायचा, उन्हाने तो तडकतो आणि डोळा जातो. उन्हाळ्यात गच्चीवर मांडायची नाही. जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडतो आणि त्यावरून पाहिलेला चंद्र उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा हलतो. मैदान बरे, शेत त्याहून बरे. पावसाळ्याचे चार महिने सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवायची, नाहीतर भिंगांना बुरशी धरते. आरसे जुळवायचे काम वर्षातून दोनदा मी येऊन करीन आणि नववीतल्या दोघांना शिकवीन.

हॅलेचा धूमकेतू आपल्या बोर्डाच्या परीक्षेच्या सुमारास येऊन गेला. आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला, हात वर करा. दोन. पुढचा २०६१ मध्ये. आज आठवीत असलेली मुलगी तेव्हा पन्नाशीला टेकलेली असेल.

तर ठराव असा मांडतो. एक १३० मिलिमीटरची स्टुलावरची दुर्बीण आणि दोन द्विनेत्री. पाटी नको. किल्ली ऑफिसात नको, विज्ञानाच्या बाईंकडे. शनिवारी वस्तू घरी न्यायची वही असावी आणि तिच्यात पहिली चार नावे मुलींची असावीत. काच फुटली तर मुलांकडून भरपाई घ्यायची नाही, ती आपली तुकडी देईल. यावर कोणाला बोलायचे असेल त्याने जेवणाआधी बोलावे.

जेवणानंतर माझी दुर्बीण मैदानात लावतो. चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा आहे, विवरांच्या सावल्या पाहायला याहून चांगला दिवस नाही. शनी पश्चिमेला कलतो आहे. मार्चमध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणून कडी अजून रेघेएवढीच आहे. गुरू साडेआठनंतर पूर्वेला नीट वर येईल. गुरुजी, तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, रांगेत उभे राहू नका.