आवाज आपला, फोटो आपला

आशाताई भोसल्यांचा आवाज कोण ओळखत नाही? एआयने तो हुबेहूब काढून देणाऱ्यांविरुद्ध त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने हे परवानगीशिवाय चालणार नाही, असा अंतरिम आदेश दिला.

त्या नामवंत. मौद्यातल्या आपल्यासारखीचं काय? आम्ही बचत गटाच्या बैठकीचे फोटो हौसेने टाकतो. त्यातलाच एखादा उचलून एआयने कुणी घाणेरडा बनवला, तर बाई आधी घाबरते ती घरच्यांना. फोटो बनवणारा राहतो बाजूला!

पण नियम आपल्यासाठीही आहे. फेसबुक असो की इन्स्टाग्राम, असा फोटो दिसला की तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तिला जमत नसेल तर तिच्या वतीने गटातली दुसरीही करू शकते. पूर्वी कंपनीला कारवाईसाठी २४ तास होते. फेब्रुवारी २०२६ पासून फक्त २ तास आहेत.

तक्रारीआधी स्क्रीनशॉट काढा, लिंक जपून ठेवा. पोलिसांना तेच लागतं. आणि लेकाच्या आवाजात कुणी फोनवर पैसे मागितले, तर आधी लेकाच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३०.