आईचे ताट शेवटी का?

(महिला व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आईची थोरवी सांगणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. आज मला थोरवी सांगायची नाही. आईच्या पोटात काय जाते, ती किती झोपते, तिच्या अंगात रक्त किती आहे, एवढ्याच साध्या गोष्टी बोलायच्या आहेत. थोरवी गाऊन हिमोग्लोबिन वाढत नाही.

आपल्या वस्तीतील बहुतेक आयांचा दिवस आपल्याला ठाऊक आहे. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, मुलांना शाळेत धाडायचे. मग कोणी ऑफिसला, कोणी धुण्याभांड्याला, कोणी भाजीच्या पाटीवर, कोणी शेतावर. संध्याकाळी आल्यावर पुन्हा चूल. केंद्र सरकारने 2024 साली लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88 मिनिटे, असे तीत दिसून आले. म्हणजे एकीचे जवळजवळ पाच तास, तर दुसऱ्याचा दीड तास. या पाच तासांचा पगार नाही आणि सुट्टीही नाही.

एवढे काम करणारी बाई जेवते केव्हा? सर्वांचे झाल्यावर. उरलेली भाजी, तळाची आमटी, कालची भाकरी तिच्या वाट्याला येते. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला. जिना चढताना दम लागणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, केस गळणे, विनाकारण चिडचिड होणे, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. आपण मात्र म्हणतो, "बायकांचे असे चालायचेच." भगिनींनो, असे चालायचे नसते.

मग काय करावे? पहिली गोष्ट तपासणीची. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असू नये. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. विदर्भात, तसेच नंदुरबार, पालघर या भागांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. आपल्या समाजातही तो आहे. तो लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही, म्हणून त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी. लग्न ठरवण्याआधी मुलामुलींनी ती केली तर फारच उत्तम.

दुसरी गोष्ट आहाराची. प्रौढ पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला 29 मिलिग्रॅम, अशी शिफारस राष्ट्रीय पोषण संस्थेने केली आहे. म्हणजे जिला जास्त हवे, तिलाच आपण कमी वाढतो! यासाठी महागडी टॉनिके नकोत. बाजरीची भाकरी, चवळी, हरभरे, शेवग्याचा पाला, तीळ, अळीव, आणि जे खातात त्यांना मटण, कलेजी चालेल. जेवणावर लिंबू पिळावे, पेरू किंवा आवळा खावा, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. उलट, चहाने ते अडते. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा घेऊ नये. भूक मारायला चहा पिणे ही तर आपल्या आयांची जुनी सवय. ती सुटली पाहिजे.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण कराव्यात. शौच काळे झाले म्हणून घाबरू नये, ते गोळीमुळे होते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण चहा-दुधाबरोबर नको. बाळंतिणीने प्रसूतीनंतरही 180 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. बाळाच्या गडबडीत नेमक्या त्याच डब्यात पडून राहतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. कामाच्या ठिकाणी, बाजारात संडासाची सोय नसते म्हणून आपल्या कित्येक भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचे दुखणे जडते. पाणी तोडू नका, सोय मागा. ही मागणी महिला मंडळाने नगरपालिकेकडे लेखी करावी, ती लाजेची बाब नाही.

चौथी गोष्ट मिश्रीची. थकवा जावा म्हणून दातांना मिश्री लावणाऱ्या बायका आजही आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने थकवा जात नाही. तोंडाच्या कर्करोगाला मात्र निमंत्रण मिळते. वयाची तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तसेच रक्तदाब व मधुमेहासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते. ती चुकवू नये.

पाचवी गोष्ट मनाची. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे साहजिक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, बाळाकडेही बघावेसे वाटेना, तर तो आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे आणि नाटक तर नव्हेच. सरकारची टेलीमानस ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. तेथे मराठीतही बोलता येते.

कोणी म्हणेल, एवढा वेळ आणायचा कोठून? हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच आईने स्वतःची काळजी घ्यावी, एवढे सांगून भागत नाही; तिला ती घेऊ द्यावी लागते. 1928 साली मुंबई कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे ही तिची खाजगी बाब नाही, त्यात राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशाचा कायदा 1961 साली आला आणि 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. पण धुणीभांडी करणारीला आणि भाजी विकणारीला ही रजा कोण देणार? निदान तिच्या घराने तरी द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम सुरू होते. आपले ताट आपण धुवावे, पाणी भरावे, अंथरूण घालावे-काढावे. हे मुलींनी करावे आणि मुलांनी अभ्यास करावा, अशी वाटणी नको. घरातल्या चौघांनी रोज पंधरा-पंधरा मिनिटे दिली तर आईला एक तास मिळतो. त्या तासात ती झोपेल, चालायला जाईल किंवा नुसती बसून राहील. ती काय करते हे तिला विचारू नका.

आणि एक काम आजपासूनच करता येईल. रात्री जेवायला बसताना सर्वांची ताटे एकदम वाढा, आईचेही. भाकरी कमी पडली तर ती सर्वांनाच थोडी कमी पडू द्या.