अल्सेशियनचा पुठ्ठा पाहूनच पैसे मोजा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बैल घेताना तुम्ही त्याला मागून पाहता, चालवून पाहता. मग मळ्यावर राखणीसाठी अल्सेशियन घेताना नुसते कान उभे आहेत का, एवढेच का बघता? हजारो रुपये देऊन आणलेला कुत्रा दोन वर्षांत मागच्या पायांनी अधू झाला, अशी तक्रार घेऊन दर वर्षी कोणीतरी माझ्याकडे येतोच.

ही जात जर्मनीतल्या मेंढपाळांची. तिचे खरे नाव जर्मन शेफर्ड. अल्सेशियन हे नाव पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी दिलेले. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी तिचा संघ काढला. तिकडे पिकाच्या कडेने मेंढ्या चरत असताना हा कुत्रा बांधाबांधाने दुडकत राहतो आणि त्यांना पिकात शिरू देत नाही. चालते कुंपणच म्हणा ना! अशी चाल तासन् तास टिकवायची, तर जोर मागच्या पायांतून यावा लागतो.

म्हणून पुठ्ठा लांब आणि किंचित उतरता हवा. जातीच्या ठरलेल्या मापात हा उतार सुमारे २३ अंशांचा आहे. पुठ्ठा आखूड व एकदम उतरता असला की मागचे पाऊल लांब पडत नाही. मांडी आणि तिच्याखालचा भाग साधारण सारख्या लांबीचे असावेत. मागे उभे राहून पाहा. टाचेचे सांधे एकमेकांकडे वळलेले दिसले, तर तो कुत्रा सोडून द्या.

पाठ घसरगुंडीसारखी उतरलेली असली की जनावर अस्सल, असा एक समज आहे. फोटो काढताना एक मागचा पाय मुद्दाम मागे ठेवतात, त्यामुळे उतार वाढलेला दिसतो. कुत्र्याला मोकळा सोडा, आपणहून उभा राहू द्या आणि मग पाहा. तेव्हाही मागचा भाग खाली बसलेला दिसत असेल, तर मी तरी तो घेणार नाही.

शेपटी म्हणजे पुठ्ठ्याचीच पुढची रेषा. कुत्रा शांत उभा असताना ती निदान टाचेच्या सांध्यापर्यंत यावी आणि तलवारीसारखा हलका बाक घेऊन लोंबावी. पळताना ती उचलली जाते, पण पाठीच्या रेषेच्या वर जाऊ नये. पाठीवर गोल वळलेली शेपटी आपल्या गावठी कुत्र्याला शोभते, याला नाही. एका बाजूला मुरडलेली शेपटीही दोषच. ती कापून किंवा शस्त्रक्रियेने सरळ करून दोष झाकणे या जातीत मान्य नाही.

आता खरी अडचण. खुब्याचा सांधा सैल असण्याचा विकार आनुवंशिक आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. त्यासाठी कुत्रा वर्षाचा झाल्यावर क्ष-किरण चित्र काढावे लागते. दोन महिन्यांच्या पिल्लात तुम्ही काय पाहणार? म्हणून आई-बापांची क्ष-किरण चित्रे मागा. आईला मातीवर दुडकी पळवून दाखवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर पिल्लू कितीही गोजिरे असले तरी परत या. घरी आणलेल्या पिल्लाला फार लठ्ठ होऊ देऊ नका आणि गुळगुळीत फरशीवर पळवू नका.