योगाभ्यास : नवशिक्याने काय मागावे, काय मिळेल ?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित भाग)



आयोजकांनी माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न साधा आहे. ज्याने आजवर एकही आसन केलेले नाही, अशा व्यक्तीने प्रकृती सुदृढ राहावी, शरीर बांधेसूद व्हावे आणि मनाला विश्रांती मिळावी, या हेतूने योगाभ्यास सुरू करावा काय ? प्रश्न एक असला तरी त्यात मागण्या तीन आहेत आणि तिन्हींचे उत्तर सारखे नाही. विश्रांती योगाभ्यासातून सर्वांत लवकर मिळते. प्रकृती हळूहळू सुधारते, परंतु त्यासाठी केवळ आसने पुरेशी नाहीत. बांधा मात्र सर्वांत उशिरा बदलतो आणि तोही आहार व चालणे यांची जोड असेल तरच. हा क्रम ध्यानी न घेता जो सुरुवात करतो, तो महिन्याभराने वजनकाट्यावर उभा राहतो आणि 'योगाने काही होत नाही' असे म्हणून सतरंजी गुंडाळून ठेवतो.

हा अभ्यास आपल्याला परका नाही. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात 'योगशास्त्र' रचले. तीर्थंकरांच्या प्रतिमा आपण दोनच मुद्रांमध्ये पाहतो : पद्मासन आणि कायोत्सर्ग. कायोत्सर्ग म्हणजे कायेचा, म्हणजेच देहावरील ममत्वाचा त्याग. त्याचा हेतू अर्थातच आत्मशुद्धीचा आहे, शरीरसौष्ठवाचा नव्हे. साधना आणि व्यायाम यांची गल्लत करू नये. तथापि, ज्या देहाने सामायिक करावयाचे, तो देह अठ्ठेचाळीस मिनिटे स्वस्थ बसू शकला पाहिजे, हेही तितकेच खरे.

आधुनिक काळात योगाभ्यास सामान्य माणसापर्यंत आणण्याचे मोठे कार्य आपल्याच पुणे जिल्ह्यात घडले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास 'कैवल्यधाम' स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. योगाचे फायदे श्रद्धेने मानण्याऐवजी मोजून पाहावेत, ही त्यांची दृष्टी होती.

दुसरे नाव योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे. १९१८ साली कर्नाटकातील बेळ्ळूर येथे जन्मलेले हे बालक अत्यंत अशक्त होते. हिवताप, विषमज्वर आणि क्षय या आजारांनी त्यांचे बालपण ग्रासले होते. १९३७ साली ते योग शिकविण्यासाठी पुण्यास आले आणि २०१४ मध्ये देहावसान होईपर्यंत पुण्याचेच होऊन राहिले. ज्याचे शरीर वाकत नाही त्याच्यासाठी त्यांनी दोर, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची आणि भिंत यांचा आधार घेतला. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचत नसेल तर पट्टा घ्यावा, तोल जात असेल तर भिंतीला पाठ लावावी. 'माझे शरीर ताठर आहे, मला योग जमणार नाही' या सबबीला त्यांच्या पद्धतीने कायमचे उत्तर दिले आहे.

आता तिन्ही मागण्यांचा विचार करू. प्रथम विश्रांती. श्वास संथ झाला, विशेषतः उच्छ्वास लांबला, की हृदयाची गती मंदावते आणि स्नायूंचा ताण उतरतो. याकरिता अवघड आसनांची मुळीच गरज नाही. दहा मिनिटांचे शवासन किंवा झोपून केलेला कायोत्सर्ग नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यापासून जमतो. आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रेक्षाध्यानातही कायोत्सर्गाला आरंभीचे स्थान आहे.

दुसरी मागणी प्रकृतीची. आसनांमुळे सांधे मोकळे होतात, तोल सुधारतो, पाठीच्या कण्याला आधार देणारे स्नायू बळकट होतात. दीर्घकालीन कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली योगाचाही समावेश केला. परंतु हृदय आणि फुप्फुसे यांना जो दम लागणारा व्यायाम हवा, तो संथ आसनांतून पुरेसा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. भरभर चालणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. आपल्याकडे तर लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या आहेत, शिवनेरीची चढण आहे. गडावर आपण पाहुण्यांना घेऊन जातो, स्वतःसाठी क्वचितच जातो !

तिसरी मागणी बांध्याची. विशेषतः तरुण भगिनी विचारतात, पोट कमी करणारे आसन कोणते ? याचे स्पष्ट उत्तर असे की शरीराच्या एकाच भागावरील चरबी घटविणारे कोणतेही आसन नाही. चरबी सर्व शरीरातून कमी होते आणि ती मुख्यतः आहारावर अवलंबून असते. आसनांनी होते ते एवढेच की खांदे मागे जातात, पाठ सरळ होते, मांड्या व पोटाचे स्नायू घट्ट होतात आणि मनुष्य आहे त्याच वजनात अधिक उभारीचा दिसतो. हेही काही थोडे नव्हे. सूर्यनमस्कार जलद गतीने घातल्यास दमसास व स्नायू दोहोंना व्यायाम घडतो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यामागे हाच विचार होता.

आपल्या समाजाच्या दृष्टीने खरा चिंतेचा विषय मी आता मांडतो. आपल्यापैकी बहुसंख्य बांधव व्यापारी आहेत. सकाळी दुकान उघडले की रात्रीपर्यंत गादी, गल्ला आणि हिशेब. भगिनींचे काम पुष्कळ, परंतु तेही ओट्यापाशी उभ्याने. पूर्वी जमिनीवर बसणे-उठणे दिवसातून अनेकदा घडे, ते आता घडत नाही. परिणामी गुडघे आखडतात आणि धर्मस्थानकात मागच्या बाजूस खुर्च्यांची रांग दरवर्षी लांबत जाते. ज्यांना व्याधी आहे त्यांनी खुर्चीवर बसण्यात काहीच गैर नाही. परंतु चाळिशीतच खमासमण देताना टेकू शोधावा लागत असेल, तर तो इशारा समजावा. अभ्यासाचा पहिला लाभ आरशात शोधण्यापेक्षा वंदनेच्या वेळी गुडघ्यात शोधावा, असे मी आवर्जून सुचवितो.

सुदैवाने आपल्या नित्यक्रमात अभ्यासाची वेळ आधीच राखून ठेवलेली आहे. आसने रिकाम्या पोटी करावीत असा नियम आहे. नवकारसी करणाऱ्यास सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे आयतीच मिळतात. चौविहार पाळणाऱ्याचे रात्रीचे पोट हलके असते, त्यामुळे सकाळी शरीरही हलके असते. मात्र उपवास, आयंबील किंवा वर्षीतप सुरू असताना जोरकस अभ्यास करू नये. त्या दिवसांत सांध्यांच्या हलक्या हालचाली आणि शवासन पुरे.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गर्भावस्था असल्यास कपालभाती करू नये. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन टाळावे, कारण त्यात डोळ्यांतील दाब वाढतो. हाडे ठिसूळ झाली असल्यास पाठ गोल करून पुढे वाकू नये. पद्मासन बळेच घालू नये. मांडी मुळात खुब्यातून वळावी लागते. खुबा मोकळा नसताना पाय ओढला तर तो ताण गुडघ्यावर येतो. मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पहिले तीन महिने तरी जाणत्या शिक्षकासमोर शिकावे. पडद्यावर पाहून आसन समजते, परंतु आपली चूक दिसत नाही.

आरंभ असा करावा. दररोज वीस मिनिटे : ताडासन, भिंतीच्या आधाराने त्रिकोणासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन आणि शेवटी शवासन. संध्याकाळी अर्धा तास चालणे. तीन महिन्यांनी वजनापेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात : झोप शांत लागते काय, जमिनीवरून हात न टेकता उठता येते काय, आणि जिना चढताना दम कमी लागतो काय.

तेव्हा योग नवशिक्यास मानवतो काय, या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असे आहे. मात्र त्याच्याकडे चमत्कार मागू नये आणि चालण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. या संस्थेचे सभागृह सकाळच्या वेळी बहुधा रिकामे असते. सुवर्णमहोत्सवी वर्षाची आठवण म्हणून तेथे आठवड्यातून तीन दिवस ज्येष्ठांसाठी व भगिनींसाठी वर्ग सुरू व्हावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र !