कपाटातल्या फिती

(ग्रंथपाल व कार्यकर्त्यांच्या एकत्रित बैठकीतील भाषण)



व्हिडिओ फितींच्या सूचीबद्दल समाजकार्यवालीने काय बोलायचं, असं काहींना वाटेल. मी ग्रंथपाल नाही. पण वस्तीतल्या बैठकांसाठी फिल्म शोधत महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जाते आणि बहुतेकदा हात हलवत परत येते. फिल्म कपाटात असते, सूचीत नसते.

‘मोलकरीण’ घ्या. युगांतर गटाने १९८१ साली पुण्यातल्या घरकामगार बायांवर केलेली फिल्म. ड्यूई पद्धतीत ७९१.४३ हा क्रमांक चित्रपटांचा. तो दिला की फिल्म सिनेमाच्या पुस्तकांशेजारी जाऊन बसते. ३३१.४ म्हणजे कामगार स्त्रिया. तो दिला तर कामगार कायदा शिकणारी मुलगी तिच्यापर्यंत पोचते. या बाया कामगार आहेत की नुसती पडद्यावरची चित्रं, हे तो आकडा ठरवतो! एका ग्रंथालयात तर हुंडा, दारूबंदी, नसबंदी सगळं ‘स्त्रिया – समस्या’ या एकाच शीर्षकाखाली पाहिलं.

पुस्तक चाळता येतं, कॅसेट चाळता येत नाही. सूचीचे नियमही सांगतात की, नाव शक्यतो खोक्यावरच्या चिठ्ठीवरून नव्हे, फिल्ममधल्या पाट्यांवरून घ्या. म्हणजे लावून बघणं आलं. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ साली ते बंद केले. तेव्हा चालू यंत्र मिळेल त्या दिवशीच प्रत काढावी आणि नोंदही करावी: भाषा, मिनिटं, करणाऱ्या सगळ्यांची नावं, दोन-तीन ओळींचा सारांश.

आता अवघड मुद्दा. आपल्या संघटनांच्या फितींत शिबिरांतली कथनं आहेत. नव्वदच्या दशकात बंद खोलीत, आपल्या माणसांत एखादी बोलली. तिचं नाव आज संगणकाच्या सूचीत गेलं, तर ते सासरचाही कोणी शोधू शकतो. एक ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, नाव नाही तर नोंद अर्धवट. माझ्या मते राहू दे अर्धवट. जाहीर सभेत बोललेल्यांची नावं जरूर घाला, नाहीतर इतिहासात पुन्हा ‘काही स्त्रिया’ एवढंच उरेल. कथन करणारीचं नाव मात्र तिला विचारल्याशिवाय नको.

फिती ग्रंथालयाला देताना सोबत एक कागद द्या: कुठे, कधी, कोण, कोणाची परवानगी, कोणी बघायचं. चेहरे ओळखणाऱ्या आपल्या बाया आता साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांना सोबत घेऊन बसायचं, तर ते या उन्हाळ्यातच.