भिंत चालली, पण उतरले चांगदेव



विणेकरी बुवा, फडावरची वडीलधारी मंडळी आणि माय-बहिणींनो, आज मला विषय दिलाय 'चमत्कार आणि वारकरी'. शंभर वर्षं चाललेल्या दिंडीत अशा गोष्टींना तोटा नाही. पण मी सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

बरीच वर्षं झाली. एकादशी होती. दिवे घाट चढून आपण सासवडला पोहोचलो. राहुटीत एक म्हातारी आई अचानक थरथरायला लागली. अंगाला दरदरून घाम, तोंडाने काहीतरी असंबद्ध बोलणं. कुणीतरी म्हणालं, "आईच्या अंगात आलंय!" झालं, बायका पाया पडायला लागल्या. हळदी-कुंकवाचं ताट घेऊन सगळ्यांत पुढे कोण होतं? मीच!

तेवढ्यात विणेकरी बुवा आले. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून त्यांनी ती शेजारच्याच्या गळ्यात घातली आणि सुनेला विचारलं, "पोरी, आईंना साखरेची गोळी चालू आहे का?" होती. सकाळी गोळी घेतलेली, पोटात मात्र उपास. गिळता येतंय हे बघून बुवांनी साखरपाणी पाजलं आणि लगेच पालखीबरोबरच्या डॉक्टरांकडे नेलं. आई वाचल्या. अजून अर्धा तास आम्ही आरत्या करत बसलो असतो, तर काय झालं असतं?

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे वाचत गेलो, तेव्हा कळलं की हे फक्त आपल्याकडेच नाही. जपानच्या उत्तरेला ओसोरेझान नावाचा डोंगर आहे. तिथे जुलैच्या जत्रेत 'इताको' बसतात. परंपरेने या अंध बायका असतात. गेलेल्या माणसाच्या वतीने त्या बोलतात आणि घरची माणसं रडत ऐकतात. त्याला हसू नये. ज्याचं माणूस गेलंय, त्याला दोन शब्द हवे असतात. आपल्याकडच्या अंगात येण्यामागेही पुष्कळदा असंच साठलेलं दुःख असतं.

फ्रान्समध्ये लूर्द आहे. 1858 साली बर्नादेत नावाच्या गरीब मुलीला तिथे दर्शन झालं असं सांगतात. आज लाखो लोक तिथे जातात, त्यांत आजारी माणसंही असतात. पण तिथे 1883 पासून डॉक्टरांची कचेरी आहे. कुणी बरं झालं, तर आधी कागदपत्रं तपासतात. बरं झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले; चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. श्रद्धेच्या दारातच तपासणी बसवलीय बघा!

आणि थोर माणसं चमत्काराबद्दल काय म्हणतात? राजगृहात एका सावकाराने उंच बांबूवर चंदनाचं भिक्षापात्र टांगलं. पिंडोल भारद्वाज नावाच्या भिक्षूने हवेत उडून ते काढलं, अशी कथा आहे. भगवान बुद्धांनी त्याची पाठ थोपटली नाही. त्याला खडसावलं, पात्र फोडायला लावलं आणि असं प्रदर्शन करायला भिक्षूंना बंदी केली. बसऱ्याच्या सूफी संत राबिया यांचीही गोष्ट अशीच. हसन यांनी पाण्यावर चटई टाकून नमाजाला बोलावलं, तर राबियांनी आपली चटई हवेत नेली. मग म्हणाल्या, तू केलंस ते मासाही करतो, मी केलं ते माशीही करते. खरं काम याच्या पलीकडे आहे. आपले पतंजलीही सिद्धींचं वर्णन करताना त्यांना समाधीच्या वाटेतला अडथळाच म्हणतात.

आता आळंदीला या. ती भिंत आपण सगळ्यांनी पाहिलीय. चांगदेव वाघावर बसून आले आणि माउली भिंतीवर बसून सामोरी गेली. भिंत चालली कशी, यावर आपण तासन् तास बोलतो. पण कथेतली मोठी गोष्ट कोणती? चांगदेव वाघावरून खाली उतरले! चौदाशे वर्षांचा अहंकार उतरला आणि लहानग्या मुक्ताईला त्यांनी गुरू केलं. त्याआधी त्यांच्या कोऱ्या पत्राला माउलींनी पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं होतं. त्यात एकही चमत्कार नाही. तू आणि मी वेगळे नाही, एवढाच बोध. आणि तुकोबांनी तर नवसाने मूल मागणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केलीय.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा आपल्यातले काही घाबरले होते. त्यात वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना मोकळीक आहे. संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगायलाही मनाई नाही. मनाई आहे ती त्या नावाखाली माणसाला लुबाडायला, इजा करायला.

म्हणून माझं मागणं एवढंच. कळत नाही अशा गोष्टी जगात आहेत, राहतील. त्यांच्यापुढे हात जोडा. पण कुणी कोसळलं तर आधी पाणी, आधी डॉक्टर, हळद-कुंकू मागून. आणि चमत्कार ऐकलात तर एवढंच विचारा, यात कोण खाली उतरलं? कुणीच उतरलं नसेल, तर तो आपल्या वाटेवरचा नव्हे.

त्या दिवशी बुवांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, तरी भजन थांबलं नव्हतं. माझ्या लेखी या दिंडीतला तोच चमत्कार.

रामकृष्ण हरी!